खेळण्यांची वहिवाट

एखादी वस्तू मनातल्या मनात फिरवून ती दुसऱ्या अंगाने कशी दिसेल हे ओळखण्याची जी शक्ती, तिच्यात मुलगे मुलींहून उपजतच सरस असतात, हा समज विसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांत इतका दृढ झाला, की जणू निसर्गानेच तशी सनद लिहून दिली असावी. या सनदेची शहानिशा करावयाची, तर खेळण्यांचे जुने दप्तर उघडावे लागते.

जर्मन शिक्षणवेत्ता फ्रोबेल याने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा लाकडी गोल, घन आणि वृत्तचिती त्याने मुलगा-मुलगी हा भेद न करता बालकांच्या हाती दिली. बाजाराने मात्र हा उदार प्रघात पाळला नाही. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ साली छिद्रे पाडलेल्या धातूच्या पट्ट्या व नटबोल्ट यांच्या खेळण्याचे पेटंट घेतले; पूल, यारी, आगगाडी असे वाटेल ते जिच्यातून उभारता येई, ती पेटी पुढे मेकॅनो या नावाने घरोघर पोहोचली, परंतु तिच्या जाहिराती मुलग्यांनाच उद्देशून असत. मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव्ह याने १९८४ साली पडत्या आकृत्या फिरवून बसविण्याचा टेट्रिस हा खेळ रचला, आणि १९८९ साली अमेरिकेत तो ज्या हातयंत्रासोबत विकला गेला, त्याचे नावही गेम बॉय असेच होते.

तथापि या पडद्यावरच्या खेळांनीच जुन्या सनदेविरुद्ध पुरावा हजर केला. कावेरी सुब्रह्मण्यम आणि पॅट्रिशिया ग्रीनफील्ड यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सुमारे अकरा वर्षांची जी मुले आरंभी मागे होती, त्यांनाच अशा खेळाचा लाभ अधिक झाला. पुढे २००२ साली डी लिसी व वुल्फर्ड यांनी तिसरीतल्या मुलामुलींना आकृत्या फिरविण्याचा संगणकीय खेळ प्रत्येकी अर्ध्या तासाच्या अकरा बैठकांत खेळावयास दिला. प्रारंभी मुलग्यांची सरासरी वरचढ होती, अखेरीस त्या गटात तो फरक उरला नाही.

एवढ्यावरून निसर्गाचा वाटा शून्य ठरत नाही. पण जिला आपण मिरास समजलो, तिच्यात वहिवाटीचा अंश केवढा मोठा होता, हे मात्र स्पष्ट होते. म्हणून भावाच्या हाती पेटी आणि बहिणीच्या हाती बाहुली देऊन मग दोघांच्या बुद्धीचा निवाडा करणे, हा मला निखालस अन्याय वाटतो. आधी तोच घन, तितकाच काळ, दोन्ही हातांत असला पाहिजे.