डोंगरीचा किनारा

डोंगरीचा किनारा : ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील टेकड्यांचा समुद्रकिनारा. डोंगरी, उत्तन, पाली, चौक इ. गावांचा हा प्रदेश धारावी बेट म्हणून ओळखला जातो. मुंबईतील धारावीशी त्याचा संबंध नाही. त्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस वसईची आणि दक्षिणेस मनोरीची खाडी आहे.

येथील रायोलाइट व ट्रॅकाइट हे खडक दख्खनच्या ज्वालामुखी क्रियेच्या अखेरच्या काळातील असून डोंगरी येथील रायोलाइटाचे वय सुमारे ६·२५ कोटी वर्षे ठरविण्यात आले आहे. गेल्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती. हिम वितळल्यावर पाणी चढत गेले, सखल भाग बुडाले व टेकड्यांची बेटे झाली.

लाटांच्या कार्यास खरा जोर जून ते सप्टेंबरमध्ये येतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा उथळ पाण्यात वळून भूशिरांवर एकवटतात. खडकांच्या भेगांतील हवा लाटेच्या आघाताने दाबली जाऊन पुन्हा प्रसरण पावते व भेगा रुंदावतात. लाटांबरोबरचे गोटे कड्याचा पायथा घासतात. पायथा पोखरला की वरचा भाग कोसळतो, कडा मागे हटतो आणि ओहोटीला उघडा पडणारा खडकाळ मंच मागे राहतो. कठीण खडकांची भूशिरे टिकून राहतात. त्यांच्यामधील उपसागरांत लाटांची शक्ती विखुरते व तेथे पुळणी साठतात. पावसाळ्यात पुळणीवरून ओढली गेलेली वाळू हिवाळ्यातील सौम्य लाटा बव्हंशी परत आणतात.

पूर्वेकडे मात्र याच्या उलट घडले. लाटांपासून सुरक्षित असलेल्या खाड्यांत भरतीबरोबर येणारा चिखल साचून खाजणे वाढली. माणसांनी बांध घालून तेथे शेते व मिठागरे केली आणि बेट साष्टीला जवळजवळ जोडले गेले.

या भूरचनेला इतिहासात मोल आले. चौक येथील टेकडीवरून खाडीच्या मुखावर नजर ठेवता येते आणि पलीकडच्या तीरावर वसईचा किल्ला आहे. १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांना मिळालेली वसई समुद्रमार्गे येणाऱ्या कुमकेवर अवलंबून होती. म्हणूनच १७३७–३९ च्या मोहिमेत धारावीसाठी मराठे व पोर्तुगीज झगडले. मार्च १७३९ मध्ये ती मराठ्यांच्या हाती आली व मे महिन्यात चिमाजी आप्पांपुढे वसईने शरणागती पत्करली. वसईच्या तटाचे वर्णन करताना इतिहासकार या टेकडीला सहसा अपुरी जागा देतात.

आज पुळणीचा प्रश्न उपजीविकेचा आहे. उत्तनचे कोळी तिच्यावरच बोंबील वाळवितात. वाळू उपसली गेल्यास लाटांना परत आणण्यास वाळू उरत नाही. किनाऱ्यालगतची उभी भिंत मागील घरांचे रक्षण करते; पण तिच्यावर आदळून परतणारी लाट समोरची वाळू ओढून नेते आणि धूप भिंतीच्या टोकापलीकडे सरकते.