सर्पगंधेवरील निबंध आणि संदर्भोल्लेखांची गणना

संशोधकाच्या निबंधांचा इतरांनी किती वेळा उल्लेख केला, ह्यावरून त्याच्या कार्याचे मोल ठरविण्याची रीत आज विद्यापीठांत रूढ झाली आहे. ह्या रीतीचा पाया यूजीन गारफील्ड ह्यांच्या १९५५ सालच्या ‘सायन्स’मधील लेखाने घातला गेला. पुढे १९६४ साली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध झाला. त्यात ६१३ नियतकालिकांतील उल्लेखांची नोंद होती. ही सूची मुळात ज्ञानाचा माग काढण्याचे साधन होती. योग्यतेचे माप ती मागाहून झाली. हे माप नेमके काय मोजते, हे औषधिक्रियाविज्ञानातील एका उदाहरणावरून पाहता येते. ते उदाहरण मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांच्या सर्पगंधेवरील निबंधाचे होय.

सर्पगंधेचे आधुनिक संशोधन वकिलांपासून सुरू होत नाही. १९३१ साली सलीमुज्जमाँ सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी ह्यांनी तिच्या मुळांतील अल्कलॉइडे वेगळी केली. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस ह्यांनी ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’मध्ये उन्माद आणि उच्च रक्तदाब ह्या दोहोंवरील औषध म्हणून तिची ओळख करून दिली. १९३३ साली रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी ह्यांनी तिच्या क्रियेचा अभ्यास प्रसिद्ध केला, तर १९४२ साली भाटिया ह्यांनी रक्तदाबावरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले. सारांश, पुढे जगाला नवल वाटलेले दोन्ही गुण अठरा वर्षे आधीच छापून झाले होते. परंतु पाश्चात्त्य वैद्यकाने त्यांची फारशी दखल घेतली नाही.

१९४९ साली वकिलांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील आपल्या चाचणीचा वृत्तांत ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला आणि चित्र पालटले. बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स ह्यांनी हे औषध वापरून पाहिले. त्यांचा व जडसन ह्यांचा निबंध १९५३ साली निघाला. तत्पूर्वी १९५२ साली बाझेल येथील सीबा कंपनीच्या म्यूलर, श्लिटलर व बाइन ह्यांनी रेसर्पिन हे क्रियाशील द्रव्य वेगळे केले होते. १९५४ साली नेथन क्लाइन ह्यांनी मनोरुग्णांवरील उपयोग मांडला. १९५५ साली ब्रोडी व त्यांचे सहकारी ह्यांनी रेसर्पिन व मेंदूतील सेरोटोनिन ह्यांचा संबंध दाखविला. १९५७ साली आर्व्हिड कार्लसन ह्यांनी रेसर्पिनने निश्चल झालेल्या प्राण्यांत एल-डोपाने हालचाल परत आणली. डोपामिनवरील ह्या संशोधनपरंपरेस २००० साली नोबेल पारितोषिक लाभले. स्वतः वकिलांना १९५७ साली लास्कर पुरस्कार मिळाला.

पूर्वीच्या भारतीय निबंधांची उपेक्षा भाषेमुळे झाली, असे प्रथमदर्शनी वाटेल. ते खरे नाही. ते निबंध इंग्रजीतच होते. उलट बाझेलचा बहुचर्चित निबंध जर्मनमध्ये होता. फरक भाषेचा नसून नियतकालिकाच्या संचाराचा होता. कलकत्त्याचे मासिक लंडन-बोस्टनच्या वाचनालयांत सहजी पोहोचत नव्हते. ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ पोहोचत होते. शिवाय शुद्ध द्रव्य हाती आल्यावर संशोधक त्या द्रव्याचाच उल्लेख करू लागले आणि मुळीविषयीचे जुने लेखन मागे पडले. ‘रेसर्पिन’ ह्या नावातील ‘सर्प’ हा अंश वनस्पतीच्या लॅटिन जातिनामातून आला आहे. तो संस्कृत ‘सर्प’ शब्दाचा सजातीय आहे. नावात एवढी खूण राहिली, पण मूळ निबंधांची आठवण राहिली नाही.

ह्यावरून वकिलांचे श्रेय उणे होत नाही. विखुरलेला अनुभव पद्धतशीर चाचणीत आणणे व तो योग्य स्थळी मांडणे हे कार्य लहान नव्हे. मात्र उल्लेखांची संख्या मुख्यत्वे निबंधाचा प्रवास मोजते. शोधाचे प्राथम्य किंवा सत्यता ती मोजत नाही. मराठी नियतकालिकांतील संशोधन आजही ह्या सूचींत क्वचितच येते. अशा लेखनापुढे शून्याचा आकडा दिसला, तर ते निष्फळ आहे असा त्याचा अर्थ नव्हे. ते मोजलेच गेलेले नाही, एवढाच आहे. परीक्षकाने आकड्यापाशी न थांबता निबंध वाचलाच पाहिजे.