माळव्याचे दिवस आणि फसली वर्ष

उमरीत इतिहासावर बोलायला कुणी उभं राहिलं की श्रोते ३० जानेवारी १९४८ ची वाट बघतात. इथल्या बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांनी केलेली ती धाडसी कारवाई. ती सांगणारे आमच्याहून जाणकार लोक समोर बसले आहेत, तेव्हा ते काम त्यांचं. आम्ही त्याच काळाला एक साधा प्रश्न विचारणार आहोत. बी टाकल्यापासून माळवं हाती यायला किती दिवस लागतात, आणि ते दिवस मोजले कुणी?

निजामाच्या राज्यात महसुलाचे वर्ष फसली होते. फसल म्हणजे पीक. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे; सौर वर्षाहून ११ दिवसांनी तोकडे. साधारण ३३ वर्षांत एका अख्ख्या वर्षाचा फरक पडतो. कुणब्याची ज्वारी मात्र चंद्र बघून पिकत नाही. चांद्र तारखेला सारा मागायला जावे तर पीक शेतात हिरवेच उभे! म्हणून मोगल अमलात वसुलीसाठी पिकाशी बांधलेले वर्ष आले, आणि हैदराबाद संस्थानात ते अखेरपर्यंत टिकले. तिथे ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला आझूर महिन्याने सुरू होई. बँकेवर धाड पडली तेव्हा १३५७ फसली चालू होते. राजसत्तेने पिकापुढे मान तुकवली असे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. आता तसे सांगवत नाही. कोणत्या पिकापुढे, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते.

आपल्या घरांत मोजणी नक्षत्रांची. सूर्याचे एक नक्षत्र १३-१४ दिवसांचे. मृग लागतो ७-८ जूनला. पाऊस वेळेवर झाला आणि तेव्हा मेथी टाकली, तर आर्द्रा संपता संपता ती खुडायला येते. दोन नक्षत्रे, म्हणजे २५ ते ३० दिवस. भेंडीची पहिली तोडणी ४५-५० दिवसांनी, पुष्यात. गवार आश्लेषात. वांग्याचे गणित वेगळे. आजच्या बियाण्याच्या पाकिटावर दिवस वाचाल तर ते बहुधा लावणीपासूनचे असतात. वाफ्यात रोप वाढते ते चार-पाच आठवडे त्यात धरलेले नसतात. बी टाकल्यापासून मोजले तर पहिले वांगे हाती यायला शंभरेक दिवस जातात, म्हणजे उत्तरा नक्षत्र उजाडते. रब्बी कांद्याला तर रोपाचे सहा-आठ आठवडे आणि लावणीनंतर चार महिने. रोपाचे दिवस ज्या बाईने रोज तांब्याने पाणी घालून काढले, तिला विचारा ते मोजायचे की नाही!

आता सरकारी कागद बघा. पाहणी पत्रकात शेत कुणाचे, क्षेत्र किती आणि पीक कोणते ते लिहायचे. तेही हंगामाच्या हिशेबाने, खरीप नाहीतर रब्बी. ज्वारीच्या ओळींत बाया अंबाडी, भेंडी, वाळकं, गवार यांचे बी मिसळून टाकत. विहिरीच्या पाटाच्या कडेला कोथिंबीर, चुका, शेपू. कागदावर काय उमटे? ज्वारी. मृगात टाकलेली मेथी पाहणीच्या आधीच खाऊन संपलेली असे, किंवा आठवडी बाजारात विकून तिचे तेल-मीठ झालेले असे. जे पीक सहा महिने उभे राहते ते सत्तेला दिसते. तीस दिवसांचे दिसत नाही, आणि ते पिकवणारी बाई तर नाहीच नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाईलवर पीक नोंदवतो. ही सुधारणा खरी आहे. पण तिथेही आधी हंगाम निवडावा लागतो.

आम्हांला हे १९४८ साठी महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी या भागातली कितीतरी कुटुंबे जीव मुठीत धरून राहत होती, काही सरहद्दीपलीकडे गेली होती. पुढच्या महिन्यात आपण गावात असू की नसू हे ज्याला ठाऊक नाही, त्याने कापूस लावायचा की मेथी? सप्टेंबरच्या १३ ते १७ तारखांना फौजा आल्या तेव्हा उत्तरा लागत होती. मूग-उडीद निघायची वेळ होऊन गेलेली, ज्वारी अजून रानात उभी. घरात कालवण कशाचे होत होते, हे कुठल्याही पत्रकात सापडणार नाही.

ते सांगू शकणाऱ्या बाया अजून काही घरांत आहेत. तेव्हा दहा-बारा वर्षांच्या असलेल्या मुली आज नव्वदीच्या आसपास आहेत. आपण त्यांच्याकडे जातो तेव्हा रझाकारांबद्दल विचारतो आणि वही मिटतो. या खेपेला आजींना हेही विचारा की त्या पावसाळ्यात परसात काय लावलं होतं, बी कुठून आणलं होतं, आणि गाव सोडताना ते बरोबर घेतलं होतं का. तारखेसाठी अडून बसू नका. ती त्यांना आठवणार नाही. नक्षत्र विचारा.