तबकडी आणि तिचा वाचक

चित्रपट घरी जपण्याच्या इतिहासात लेसर-तबकडीची कथा उद्बोधक आहे. १९७८ साली ती अमेरिकेत विक्रीस आली. दोन चकत्या चिकटवून केलेल्या, ३० सेंटिमीटर व्यासाच्या या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तासभराचे चित्रण मावे. २००९ साली पायोनियर कंपनीने यंत्रनिर्मितीही थांबवली. तेव्हापासून संग्राहक बंद पडलेल्या यंत्रांच्या सुट्या भागांवर आपली यंत्रे चालती ठेवतात. काही तबकड्यांतील ॲल्युमिनियमचा थर गंजून चित्रावर ठिपके उमटतात. म्हणून वेळीच नव्या प्रतीही करून ठेवतात. आपल्या मोडी दप्तरांची गत निराळी नाही: कागद टिकले, वाचणारे विरळ झाले. परप्रांतातील आपल्या मंडळाने पन्नास वर्षे मराठी ग्रंथ जपले. आता त्यांचे वाचक घराघरांत घडवावयास हवेत.