चंचल मुलांची मात्रा

मराठी घरांतून बाळगुटी उगाळण्याची रीत फार जुनी आहे. सहाणेवर हिरडा, मुरुडशेंग, जायफळ यांचे वेढे द्यावयाचे ते मोजून. तान्ह्या बाळास एक वेढा. पुढे बाळ वाढेल तसे वेढे वाढत जातात, आणि पोट बिघडले किंवा झोप उडाली की कमीही होतात. त्या गुटीच्या गुणदोषांविषयी आजचे बालवैद्य काहीही म्हणोत. त्या रीतीमागे एक पक्की समजूत होती. औषधाचे माप औषधात नसते. बाळाकडे रोज पाहून ते ठरवावे लागते. मराठीत ‘मात्रा लागू पडली’ असे म्हणतात, ते याच अनुभवातून.

अवधान-न्यूनता व अतिचंचलता, म्हणजे आज ज्याला सर्वत्र एडीएचडी म्हणतात, त्या विकारावरील औषधांचा इतिहास हा याच समजुतीचा इतिहास आहे. बीदर आणि कलबुर्गी या सीमेवरच्या जिल्ह्यांत तो कसा उतरला, हे पाहण्यासारखे आहे.

एका जागी न बसणारे, अर्धवट ऐकून धावत सुटणारे, पाटीवरचा हिशेब मध्येच टाकून खिडकीबाहेर पाहणारे मूल प्रत्येक पिढीने पाहिले आहे. आपल्याकडे त्याला द्वाड, अवखळ, वांड अशी नावे मिळाली आणि उपाय म्हणून छडी मिळाली. यात काही शारीरिक कारण असावे, अशी शंका वैद्यांना मात्र बऱ्याच पूर्वी आली होती. स्कॉटलंडचे डॉक्टर अलेक्झांडर क्रायटन यांनी १७९८ साली अवधानाच्या अस्थिरतेचे वर्णन केले. पुढे १९०२ साली जॉर्ज स्टिल या बालवैद्यांनी लंडन येथील व्याख्यानांत अशी मुले वर्णिली, की ज्यांची बुद्धी चांगली, परंतु स्वतःस आवरण्याची शक्ती उणी. दोघांनीही रोग पाहिला. औषध कोणाजवळच नव्हते.

औषध सापडले ते अनपेक्षितपणे. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे मुलांच्या मनोविकारांसाठी ब्रॅडली होम ही संस्था होती. तेथील डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली मेंदूच्या क्ष-किरण तपासणीसाठी मुलांच्या पाठीच्या कण्यातील द्रव काढीत असत. त्यानंतर मुलांची डोकी भयंकर दुखत. त्या दुखण्यावर उतार पडावा म्हणून त्यांनी बेंझेड्रिन देऊन पाहिले. डोकेदुखीवर त्याचा फारसा गुण आला नाही. परंतु वर्गात काही मुले एकाएकी लक्ष देऊन शिकू लागल्याचे शिक्षकांनी सांगितले. मुलांनीच त्या गोळीस ‘गणिताची गोळी’ असे नाव दिले. १९३७ साली ब्रॅडली यांनी तीस मुलांवरील आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकी चौदा मुलांचा अभ्यास ठळकपणे सुधारला होता.

या हकीकतीतील महत्त्वाची गोष्ट ही, की गुण प्रथम दिसला तो दवाखान्यात नव्हे, वर्गात. डॉक्टरांचे डोळे जेथे पोहोचत नाहीत तेथे शिक्षकाचे पोहोचतात. पुढे १९४४ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीत लेआंद्रो पानिझॉन या रसायनशास्त्रज्ञांनी मेथिलफेनिडेट बनविले आणि पत्नी मार्गरिट ऊर्फ रिटा हिच्या नावावरून त्यास रिटालिन हे नाव मिळाले. लहान मुलांवर त्याचा उपयोग पद्धतशीरपणे तपासला गेला तेव्हा शिक्षकाचे निरीक्षणही शास्त्राच्या चौकटीत आले. कीथ कॉनर्स यांनी १९६९ साली शिक्षकांनी भरावयाची प्रश्नावली तयार केली, ती मात्रेचा परिणाम मोजता यावा म्हणूनच.

या सुमारास बीदर व गुलबर्गा येथे काय होते? दोन्ही जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानचे वेड्यांचे इस्पितळ जालन्यास होते. तेथे माणूस जाई तो बहुधा बांधून, आणि घरच्यांनी आशा सोडल्यावर. चंचल मुलाचा त्या इस्पितळाशी संबंध येण्याचे कारणच नव्हते. मनाचे दुखणे असह्य झाले म्हणजे कुटुंबे भीमेकाठी गाणगापूरच्या दत्तस्थानी जात. तेथे निदान माणसाला माणसांत ठेवीत, हे इतिहासाने विसरता कामा नये.

१९५३ साली जालन्याचे इस्पितळ हैदराबादजवळ एर्रागड्डा येथे हलविण्यात आले. बीदरच्या दृष्टीने ते जवळ आले खरे. परंतु तीनच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना झाली. बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात आले. आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. एकाच घरातील लेक उदगीरला दिलेली, आजोळ भालकीला, आणि मोठा दवाखाना तिसऱ्या राज्यात, अशी स्थिती झाली. नव्या राज्याची मनोरुग्णालये धारवाड व बंगलोर येथे, म्हणजे आणखी दूर.

हे अंतर तोडण्याचा एक मोठा प्रयत्न याच प्रदेशाच्या दक्षिणेस झाला. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखण्यात आला. त्यानंतर बंगलोरच्या निम्हान्स संस्थेने १९८५ पासून बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना शिकवून गावाजवळच उपचार देण्याचा प्रयोग केला. १९९६ साली तोच देशभरच्या जिल्हा कार्यक्रमाचा नमुना ठरला. मनोरुग्णाला भिंतीआड नेण्याऐवजी औषध त्याच्या दाराशी न्यावे, हे त्याचे सूत्र होते. परंतु त्याचा मुख्य रोख अपस्मार, उन्माद, तीव्र मनोविकार यांवर होता. चंचल मुलाचा क्रम मागेच राहिला.

ती जागा भरून काढली ती मुख्यतः खासगी मनोविकारतज्ज्ञांनी. गुलबर्ग्यास १९६३ साली महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय निघाले, बीदरला २००७ मध्ये शासकीय आयुर्विज्ञान संस्था निघाली. शहरांत खासगी दवाखाने उभे राहिले, आणि सीमाभागातील पालकांस कलबुर्गी, सोलापूर, लातूर, हैदराबाद अशा वाटा मोकळ्या झाल्या. २०१७ साली बीदर–कलबुर्गी रेल्वेमार्गही सुरू झाला. मात्र येथे कायद्याची एक अडचण आहे, ती पालकांनी समजून घेतली पाहिजे.

मेथिलफेनिडेट हे १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येते आणि औषध नियमांच्या ‘एक्स’ परिशिष्टात आहे. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लिहावी लागते, एक प्रत दुकानदाराने दोन वर्षे जपून ठेवावयाची असते, आणि त्यास निराळा परवाना लागतो. म्हणून ते प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळत नाही. २०२० साली केंद्र शासनाने दूरध्वनी व दृक्‌श्राव्य साधनांवरून सल्ला देण्याचे नियम केले. परंतु या वर्गातील औषधे त्या मार्गाने लिहून देण्यास मनाई ठेवली. नियमामागील हेतू योग्यच आहे. या औषधाचा दुरुपयोग होऊ शकतो. परिणाम मात्र असा, की औरादच्या आईवडिलांना मात्रेतील प्रत्येक बदलासाठी एक दिवसाची मजुरी बुडवून प्रवास करावा लागतो.

आणि बदल तर अटळ असतात. डॉक्टर प्रथम अगदी अल्प मात्रा देतात आणि आठवड्या-आठवड्याने ती वाढवितात. साध्या गोळीचा अंमल तीन-चार तास टिकतो. सकाळची गोळी दुपारच्या तासाला पुरत नाही, संध्याकाळी मूल चिडचिड करते, भूक मंदावते, झोप उशिरा लागते. नाडी, रक्तदाब, वजन, उंची यांकडेही लक्ष ठेवावे लागते. ॲटोमॉक्सेटिन हे दुसरे औषध घेतल्यास पूर्ण गुण दिसण्यास कित्येक आठवडे जातात. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे मुलाचे अतिशय शांत होणे. मूल मुकाट कोपऱ्यात बसले की घरच्यांस समाधान वाटते. वस्तुतः ते मलूल झाले असेल तर मात्रा जास्त झाल्याची ती खूण असू शकते. मूल गप्प करणे हा औषधाचा हेतू नव्हे; त्याचे चित्त त्याच्या स्वाधीन करणे हा होय.

एवढ्या काटेकोरपणाने खरोखर फरक पडतो काय, याचे उत्तर १९९९ साली मिळाले. अमेरिकेत ५७९ मुलांवर चौदा महिने मोठा अभ्यास झाला. एका गटाची मात्रा आरंभी चार आठवडे बारकाईने ठरवून पुढे दरमहा भेट व शिक्षकाकडून माहिती, असा क्रम ठेवला. दुसऱ्या एका गटास नेहमीच्या डॉक्टरांकडे सोडले. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश मुलांसही औषध मिळतच होते. तरी विकाराच्या लक्षणांत पहिला गट पुष्कळच सरस ठरला. तो बारकाईचा क्रम संपल्यावर मात्र, तीन वर्षांच्या टप्प्यावर पाहता, दोन गटांतील अंतर उरले नव्हते. औषध दोन्हीकडे होते; त्याच्यामागची नजर एकीकडे होती, दुसरीकडे नव्हती.

सीमाभागात ही नजर तीन भाषांतून जाते. आई मराठीत सांगते, शिक्षक कित्येकदा कन्नडमध्ये, आणि डॉक्टरांची टिपणे इंग्रजीत असतात. ‘बरे आहे’ या दोन शब्दांत महिन्याचा वृत्तान्त आटोपला, तर पुढची मात्रा अंदाजाने ठरते. यास खर्चिक साधन लागत नाही. गोळी किती वाजता दिली, जेवण किती झाले, कोणत्या तासाला मन लागले, कितीला झोप आली, एवढे एका साध्या वहीत आईने व गुरुजींनी आपापल्या भाषेत लिहिले, तर एका फेरीत तीन फेऱ्यांचे काम होते. दोन भेटींमधील शंकांसाठी २०२२ पासून टेलि-मानस ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चालू आहे. तीवरून गोळी बदलता येत नसली, तरी डॉक्टरांना केव्हा गाठावे हे विचारता येते.

ब्रॅडली यांना गोळीचा गुण कळला तो शिक्षक बोलले म्हणून. भालकी वा आळंदच्या शाळेतील गुरुजींनी तेवढेच करावयाचे आहे: पाहावे, आणि पाहिलेले सांगावे. छडी बाजूस ठेवून हे काम हाती घेणारा शिक्षक जेथे असेल, तेथे मात्रा लागू पडण्याची शक्यता अधिक.