ओसरीवरच्या पांढऱ्या कुत्र्याची बखर

कामगारांच्या सभांतून बोलणाऱ्या आमच्यासारख्याने कुत्र्यावर व्याख्यान द्यावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. पण जो राबतो त्याची बखर कोणी लिहीत नाही ही आमची जुनी तक्रार आहे, आणि ती जनावरांनाही लागू पडते. सातारच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी माहुलीच्या संगमावर आहे. त्याने धन्याला वाघापासून वाचविले असे सांगतात. मुधोळच्या शिकारी कुत्र्यांचेही नाव झाले. फाटक वाजताच भुंकत धावणारा लहानगा पांढरा कुत्रा मात्र इतिहासाबाहेरच राहिला. बुलढाणा, खामगाव, मलकापूर, कुठेही जा, तो दिसतो. आणि आपण सारे त्याला पॉमेरियन म्हणतो.

वस्तुतः तो पॉमेरियन नव्हे. पॉमेरेनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा प्रदेश. आज तो जर्मनी व पोलंड यांत वाटला गेला आहे. उभे कान, निमुळते तोंड आणि पाठीवर वळलेली झुबकेदार शेपटी असलेल्या तिकडच्या कुत्र्यांच्या कुळाला स्पिट्झ म्हणतात. १७६१ साली शार्लट ही जर्मन राजकन्या तिसऱ्या जॉर्जची राणी होऊन इंग्लंडात आली, आणि हे कुत्रे तिथे दरबारी झाले. तेव्हा ते चांगले थोराड होते. पुढे १८८८ साली व्हिक्टोरिया राणीने फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा लहान चणीचा कुत्रा आणला, आणि लहानाचीच हौस पसरली. निवडून निवडून आजचा खरा पॉमेरियन दोन-तीन किलोंवर येऊन ठेपला आहे.

साहेबांनी हिंदुस्थानात आणले ते जुन्या, मोठ्या चणीचे स्पिट्झ. इथल्या उन्हात आणि पोळीच्या तुकड्यावर ज्यांचा निभाव लागला, त्यांचाच वंश वाढला. साहेब १९४७ साली गेला. कुत्र्याचे चुकीचे नाव तेवढे मागे राहिले. त्याचे खरे नाव भारतीय स्पिट्झ. लहान जात पाच-सात किलोंची, मोठी बारा ते वीस. पॉमेरियनहून तोंड लांब, कान मोठे, केस विरळ. स्वभाव चलाख, घराला धरून राहणारा, अनोळखी माणसाचा संशय घेणारा. त्याला बिनकामाचा म्हणणाऱ्यांशी आमचे जमत नाही. पहारा हे काम आहे, आणि एकट्या म्हातारीला दिवसभर सोबत करणे हेही कामच आहे.

परदेशी कुत्री आणणे अवघड होते त्या काळात त्याची चलती होती. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीने ती आणखी वाढविली. मग २००३ साली टेलिफोनच्या जाहिरातीत चपट्या नाकाचा पग आला आणि हौस तिकडे वळली. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंग निववतो. ज्याचे नाकच दाबून ठेवले आहे, त्याने घाटाखालच्या वैशाखात धापा टाकाव्या कशा? स्पिट्झला निदान नाक आहे!

त्यालाही जपावे लागतेच. उन्हाळा लागला की काही जण त्याची हजामत करतात. तसे करू नये. आतली लव ऊन अडविते, आणि भादरलेली कातडी भाजते. रोज केस विंचरावेत, गोचिडी पाहाव्यात, दातांकडे लक्ष ठेवावे. डांबरी रस्ता तापण्याआधी फिरवून आणावे. कांदा, द्राक्षे, चॉकलेट देऊ नये. नुसत्या दूधपोळीवर त्याचे पोषण होत नाही. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, पुढे दरवर्षी. पार्व्हो आणि डिस्टेंपरची त्याआधीपासून.

पण आम्हांला खरी चिंता आहे ती त्याच्या आईची. पिल्लांचा धंदा करणाऱ्यांकडे पिंजऱ्यातली कुत्री वेतामागून वेत देते. तिला ना रजा, ना मजुरी, ना युनियन. २०१७ साली केंद्र सरकारने नियम केले: पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, दीड वर्षाच्या आत मादीला गाभण करू नये, आणि आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकू नये. कारखान्याचे कायदे नुसते कागदावर राहिले की काय होते, ते आम्ही जन्मभर पाहिले आहे. तेव्हा पिल्लू घ्यायला जाल, त्या वेळी नोंदणीचा कागद मागा, आणि पिल्लाची आई दाखवा म्हणा. तिच्या बरगड्या दिसतात काय, कास लोंबली आहे काय, माणूस जवळ येताच ती कोपऱ्यात दबते काय, ते पाहा. आई गावी आहे असे सांगू लागला, तर पैसे खिशात ठेवून परत या.