मेंदूच्या मूळपेशींना दिशा देणारी प्रथिने

गर्भाचा मेंदू घडू लागतो तेव्हा त्यातील मूळपेशी बऱ्याच अंशी सारख्या असतात. त्यांपैकी कोणी स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस घडवायचा, कोणी बाह्यकाचा इतर भाग, हे शेजारून येणाऱ्या प्रथिनांच्या संकेतांवर आणि पेशीतील नियामक प्रथिनांवर ठरते. या प्रक्रियेचा उलगडा करण्यात मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) डॉ. शुभा टोळे यांच्या प्रयोगशाळेचा वाटा मोठा आहे. २०१० मध्ये भटनागर आणि २०१४ मध्ये इन्फोसिस पुरस्काराने त्यांना गौरवण्यात आले.

बाह्यकाच्या काठाशी ‘कॉर्टिकल हेम’ नावाची पेशींची अरुंद पट्टी असते. कापडाच्या दुमडलेल्या काठावरून तिला हे नाव मिळाले. ही पट्टी ‘विंट’ व ‘बीएमपी’ गटांतील प्रथिने स्रवते. (फळमाशीतील ‘विंगलेस’ आणि उंदरातील ‘इंट’ या जनुकांच्या नावांची सांगड म्हणजे ‘विंट’!) यांपैकी ‘विंट ३ए’ नसलेल्या उंदरांत हिप्पोकॅम्पस तयारच होत नाही, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. त्यातही डॉ. टोळे सहभागी होत्या.

मग काठावरच्या मोजक्या पेशीच हेम का बनतात? उत्तर २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. इतर पेशींना ‘एलएचएक्स२’ हे नियामक प्रथिन रोखून धरते. उंदराच्या भ्रूणातील काही पेशींतून त्याचे जनुक काढून टाकताच काठाकडील बाजूच्या त्या पेशी हेम बनल्या, आणि त्यांच्या संकेतांमुळे शेजारच्या सामान्य पेशींतून जादा हिप्पोकॅम्पस आकाराला आले. मात्र ही मुभा भ्रूणावस्थेच्या आरंभीच्या अल्प काळापुरतीच असते. तो काळ सरल्यावर जनुक काढले तरी पेशी हेम बनत नाहीत.

जागेइतकेच वेळेचे गणितही नाजूक असते. मूळपेशी आधी चेतापेशी निर्माण करतात, नंतर ‘अ‍ॅस्ट्रोसाइट’ या साहाय्यक पेशी. याच प्रयोगशाळेच्या ताज्या संशोधनानुसार ‘फॉक्सजी१’ हे प्रथिन ‘एफजीएफ’ संकेत ग्रहण करणाऱ्या एका प्रथिनाची निर्मिती दाबून ठेवते. ते नसल्यास हा संकेत प्रबळ होतो आणि मूळपेशी अकाली अ‍ॅस्ट्रोसाइटकडे वळतात.

माणसात ‘फॉक्सजी१’ जनुकातील दोषामुळे झटके येणे, डोक्याची वाढ खुंटणे, चालणे-बोलणे न जमणे अशी लक्षणे असलेला दुर्मीळ विकार बालपणीच जडतो. अर्थात, उंदरांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत आणि या विकारावर मूलगामी उपचार अद्याप उपलब्ध नाही.